सगळ्यांना सुटीचा दिवस

बँकेतून निवृत्त झाल्यावर कुणाला मधुमेह होतो, कुणाला गुडघेदुखी. वसईच्या सुधाकररावांना अध्यात्म झालं. राम, रहीम आणि येशूला एकाच पंगतीला बसवणाऱ्या चाळीस कविता त्यांनी वर्षभरात पाडल्या आणि पुस्तकही छापून आणलं. आता त्यांना एकच हवं होतं. समोरच्या फ्लॅटमधल्या जुलियानाबाईंनी ‘छान’ म्हणावं. बाईंनी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं होतं आणि कुणालाही उगाच ‘छान’ म्हणायची त्यांना सवय नव्हती.

प्रकाशनाला सगळ्या धर्मांची माणसं हवीत, म्हणून सुधाकररावांनी सगळ्यांना सुटी असलेला दिवस निवडला: गुड फ्रायडे. वेळ मात्र पंचांग बघून काढली, दुपारी दीड. आमंत्रण द्यायला गेले तेव्हा मौलवीसाहेब म्हणाले, “उस दिन तो जुम्मा है.” सुधाकररावांना तो शुभशकुनच वाटला. जुलियानाबाईंनी पत्रिकेवरची तारीख दोनदा वाचली आणि म्हणाल्या, “बघते हं.”

शुक्रवारी जवळच्या निर्मळ गावातल्या हॉलमध्ये ऐंशी खुर्च्या, दोन पराती बटाटेवडे आणि सुधाकररावांची बायको आशालता, एवढीच मंडळी हजर होती. मौलवीसाहेब नमाजाला गेले होते. ख्रिस्ती शेजारी चर्चच्या तयारीत. उरले हिंदू, त्यांनी सलग तीन दिवसांची सुटी साधून कळंबचा किनारा गाठला होता.

पावणेदोनला जुलियानाबाई आल्या. दुखवट्याची काळी साडी, हातात प्रार्थनेचं पुस्तक, चेहरा ओढलेला.

“तीनला चर्चमध्ये पोचायचंय. पाच मिनिटं बसते.”

सुधाकररावांना भरूनच आलं. “हॅपी गुड फ्रायडे, बाई!” म्हणत त्यांनी माईक धरला आणि खास बाईंसाठी ‘उपवास’ ही कविता काढली.

“भुकेल्या देही देव उतरतो, ताट रिकामे, आत्मा भरतो...”

बाईंनी डोळे मिटून सगळी कविता ऐकली. सुधाकररावांनी स्वतः वड्यांची बशी पुढे केली.

“घ्या ना, गरम आहेत.”

“उपास आहे माझा.”

“अरे वा! तुमच्यातही असतो?”

बाईंनी बशी बाजूला सारली. मग उठल्या. “यमकं जुळलीत,” म्हणाल्या आणि निघून गेल्या.

“छान नाही म्हणाल्या गं,” सुधाकरराव रिकाम्या खुर्च्यांकडे बघत पुटपुटले.

आशालता वड्यांवर झाकण ठेवत होती. “उपासाचे चाळीस दिवस त्यांच्या घरातून मटणाचा वास आला नाही,” ती म्हणाली. “दार समोरच आहे आपलं. तुम्ही आत बसून कविता करत होतात.”