मंगळावरची जागा

त्या दुष्काळी उन्हाळ्यात लोहाऱ्याजवळच्या एका गावात खडी फोडायच्या कामावर शुकशुकाट होता आणि माळावर जत्रा भरली होती. तारकानंद महाराजांनी कटोऱ्यात करडा दगड ठेवला, वर पाणी ओतलं, आरतीची ज्योत जवळ नेली. भप्पकन जाळ उठला. पाणी पेटलं!

"हा मंगळाचा दगड!" महाराज गरजले. "अमेरिकावाले चंद्रावर पोचले, व्हय का न्हाय? आपण त्याच्याही पुढं जाणार. तांबडा तारा डोक्यावर आला की निर्मळ माणसं वर जातील. तिथं नद्या दुथडी वाहतात. पण अंग हलकं पाहिजे. अन्नपाणी सोडा. धान्य, जनावरं मठात द्या. ते ओझं कशाला?"

म्हातारे श्रीपती आणि त्यांची बायको सारजाबाई यांनी बैलजोडी दिली आणि मठापुढच्या मांडवात उपाशी बसले.

शाळेतल्या प्रेमाबाईंना जाळ उठण्याआधी लसणासारखा उग्र वास आला होता. उमरग्याला ट्रकांचं वेल्डिंग चालतं, तिथं हाच वास असतो. त्या श्रीपतींना म्हणाल्या, "आबा, काकूंना घोटभर पाणी तरी पाजा."

"तुमी बुद्धाची माणसं, देव सोडलेली. तुमास्नी काय कळणार, बाई?"

प्रेमाबाईंनी उमरग्याची एसटी धरली. दुसऱ्या दिवशी परत आल्या तेव्हा सारजाबाईंची शुद्ध हरपली होती. "हलकी झाली, हलकी झाली," म्हणत श्रीपती वारा घालत होते. बाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला.

बाईंनी मांडवातच परात मांडली. दगड ठेवला, पाणी ओतलं, काडी ओढली. तसाच जाळ उठला.

"हे कार्बाइड. वेल्डिंगच्या दुकानातून आणलंय. पाणी पडलं की यातून वायू सुटतो. पेटतो तो वायू, पाणी नाही." मग त्या महाराजांकडे वळल्या. "तांबडा तारा डोक्यावर कधी येणार? साल सांगा."

"वेळ आली की येईल."

"आणि कुणीच वर गेलं नाही तर?"

"तर भक्त निर्मळ नव्हते!"

"म्हणजे काहीही झालं तरी तुम्हीच खरे. चंद्रावर गेलेल्यांनी श्वासाची हवासुद्धा पाठीवर बांधून नेली होती. पाणीही इथूनच नेलं, आणि थोड्या दिवसांत परत आले. उद्या माणसं तिथं राहतीलही, पण यंत्रं बनवून, पुन्हा पुन्हा तपासून. उपाशी मरून नाही."

खडीच्या कामावरचा मुकादम लिंबाजी उठला आणि त्यानं मठाचं दार ढकललं. गोठा रिकामा होता. बैल कधीच ट्रकनं बाजारात गेले होते. लोकांनी महाराजांना धरलं.

कुणीतरी सारजाबाईंच्या तोंडात पाणी घातलं. ते गालावरून ओघळून गेलं.

श्रीपतींनी तिचा पदर सारखा केला. "बाई, बैल न्हाईत. ही बी न्हाय. आता आमी जायचं कुठं?"

"कुठंच नाही, आबा. राहायला आपल्याला हीच जागा आहे. दुसरी कुणी दाखवली तर आधी विचारायचं, कधी, कसं, आणि तुम्ही पाहिली का? नीट उत्तर आलं नाही तर उठून घरी यायचं."

श्रीपतींनी सारजाबाईंच्या मानेखाली हात घातला. मग गर्दीकडं बघून म्हणाले, "हिला उचलाया कुनी तरी हात लावा."