एक्कावन्नावी

"पन्नास," मुख्याध्यापक बालन माष, म्हणजे बालन मास्तर, तिसऱ्यांदा मोजून म्हणाले. "आठवीच्या दोन्ही तुकड्या मिळून पन्नास. कोण नाही?"

"फिदा," स्मिजा म्हणाली.

जूनमधला शाळेचा सहावा दिवस होता. वर्षभर शाळेत किती शिक्षक राहणार, ते या एका दिवशी ठरतं. अधिकारी येतात, वर्गावर्गातली डोकी मोजतात आणि सही करून निघून जातात. आठवीत एक्कावन्न मुलं भरली तर दोन तुकड्या, पन्नास भरली तर एकच. दुसरी तुकडी गेली की गणिताची एक जागा गेली, आणि जाणार ती सगळ्यात नवी टीचर, म्हणजे स्मिजा. मागच्या वर्षी चित्रकलेची जागा अशीच गेली. त्या बाई आता इडुक्कीच्या डोंगरात शिकवतात आणि महिन्यातून एकदा घरी येतात. स्मिजाची मुलगी अकरा महिन्यांची होती, अजून अंगावर पीत होती.

मे महिनाभर स्मिजा शाळेसाठी मुलं मिळवायला उन्हातान्हात दारोदार फिरली होती. "तुमच्या शाळेला बस आहे का, टीचर?" लोक विचारायचे. पलीकडच्या इंग्रजी शाळेची पिवळी बस दारापर्यंत यायची. बस नसतानाही पन्नास जण मिळाले. एक्कावन्नावी फिदा. तिची उम्मा, म्हणजे आई, सुहरा शेवटच्या दिवशी तयार झाली होती, तीही स्मिजाच्या शब्दावर.

"ताप आहे असा निरोप आलाय," स्मिजा म्हणाली.

"या साहेबांना तापाचा दाखला चालत नाही. डोकं दिसायला हवं." मुख्याध्यापकांनी घड्याळाकडे पाहिलं. "ते दहावीपासून सुरू करतील. अर्धा तास आहे. दहा मिनिटं बसली तरी पुरे." मग मान दुसरीकडे वळवून म्हणाले, "मी जा म्हणत नाहीये हां."

दारात कार्त्यायनीचेची झाडू टेकून उभी होती. शाळेतली एकुलती एक शिपाई, सगळ्यांची चेची, म्हणजे ताई. "जा पोरी, तुझा वर्ग मी बघते. घंटा मी, झाडू मी, कारकून येत नाही त्या दिवशी टपालही मी. गणिताने असं काय मोठं ओझं होणार?"

सुहराच्या घरी फिदा गणवेश घालून, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळून पायरीवर बसली होती. जणू बोलावणं येणार हे त्यांना ठाऊकच होतं.

"रात्री तापली होती. आता उतरलाय," सुहरा म्हणाली. "तुम्ही आमच्यासाठी चार खेपा घातल्या, टीचर. आम्ही दहा मिनिटं नाही देणार?"

स्मिजाने मुलीच्या कपाळाला हात लावला. घरी तान्हं मूल असलेल्या बाईच्या हाताला ताप उतरलाय की नाही हे कळतं.

"थोडी कणकण आहे," ती म्हणाली आणि फिदाला घेऊन रिक्षात बसली.

रिक्षा खड्ड्यांतून उडत चालली. फिदाने तिच्या खांद्यावर डोकं टाकलं होतं.

"टीचर, साहेब प्रश्न विचारतील?"

"नाही. नुसते मोजतील."

"मग बरं. मला काहीच आठवत नाहीये."

ती मान खाजवत होती. स्मिजाने ते पाहिलं आणि बाहेर बघू लागली. घामोळं असेल. जूनमध्येही कुणाकुणाला होतं. सगळ्यांनाच होतं.

शाळेच्या फाटकापाशी रिक्षा हळू झाली. उतरण्याआधी फिदाची ओढणी नीट करायला तिने हात घातला आणि तो तिथेच थबकला. कानामागे पाण्याने भरलेले दोन फोड होते. केसांच्या कडेला तिसरा.

"आणखी कुठे आहेत?"

"पोटावर. पाठीवर." फिदा खाली बघत म्हणाली. "उम्मा म्हणाली, टीचरला सांगू नको. त्यांची नोकरी जाईल."

कांजिण्या.

व्हरांड्यातून बालन माष हात हलवून लवकर, लवकर असं खुणावत होते. साहेबांची जीप आवारात उभी होती. बाह्या लांब आहेत, ओढणी आहे, मागच्या बाकावर बसवलं तर कुणाला दिसणार? दहाच मिनिटं. आत पन्नास पोरं होती. संध्याकाळी पन्नास घरी जाणार होती, आणि त्यांतल्या कितीतरी घरांत कुणीतरी अकरा महिन्यांचं असणार होतं.

"वळव," ती म्हणाली.

"आलोय की आपण, टीचर," रिक्षावाला म्हणाला.

"वळव म्हटलं ना."

रिक्षा वळली. व्हरांड्यातला हात हवेतच राहिला.

"मला मोजणार नाहीत?" फिदाने विचारलं.

"तू आधी बरी हो."

"मग तुम्ही जाणार?"

स्मिजाने तिचं डोकं पुन्हा आपल्या खांद्यावर टेकवलं. आता लांब सरकून उपयोग नव्हता.

ती परतली तेव्हा आवारात जीप नव्हती. बालन माष खुर्चीत बसून होते.

"दोन चहा पाजले मी त्यांना. तिसऱ्याला नाही म्हणाले."

"कांजिण्या आहेत, माष. अंगभर."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग ठीक केलंस." आणि तो पुन्हा डोळ्यांवर चढवत म्हणाले, "ठीक कसलं."

स्मिजाने नळावर कोपरापर्यंत हात धुतले. एकदा, दोनदा, तीनदा. मग आईला फोन लावून सांगितलं, आज पोरीला पेजच भरव, मी येऊन आंघोळ केल्याशिवाय माझ्याकडे देऊ नकोस. का, ते सांगितलं नाही.

दुपारी कार्त्यायनीचेची 'ब' तुकडीतले बाक एकटीने 'अ' मध्ये ओढत होती. दुसऱ्या शिपायाची जागा चार वर्षांपासून रिकामी होती. स्मिजाने बाकाचं दुसरं टोक धरलं.

"सोड गं. टीचर ना तू?"

"एकटीला जड आहे, चेची."

शेवटच्या तासाला पन्नास मुलं एका खोलीत कोंबून बसली. बाकावर चार, कुठे पाच. मधून चालायला वाट उरली नव्हती. स्मिजा उंबऱ्याबाहेर उभी राहिली. फिदाने डोकं टेकलेले कपडे अजून तिच्या अंगावर होते.

"आत या ना, टीचर," पुढच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. "आम्ही सरकतो."

"सरकू नका. मी इथूनच शिकवते," ती म्हणाली. मग मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जावं म्हणून आवाज चढवून तिने पहिलं गणित सांगायला सुरुवात केली.