ढण, ढण, धप

जुनी आहे, पत्र्याची आहे. पण मला डबा म्हणाल तर खबरदार! मी ज्वारीची कोठी आहे. सिल्लोडच्या रहीमचाचांनी मला ठोकून घडवलं आणि चतुराबाईंच्या घरात दिलं. त्यांचा लेक कंपनीत लागला, तेव्हा मीही टेम्पोत बसून बजाजनगरला आले.

मित्रांनो, कोठीत दाणा किती उरला, ते झाकण न उघडता कसं कळतं? चतुराबाई रोज सकाळी मला वरून खाली थापट्या मारत. रिकामं तिथं ढण, ढण. दाणा लागला की धप!

त्यांचा नातू बन्सी आणि त्याचा दोस्त श्रीधर यांचा रॉक बँड होता. गिटार होती, आरडाओरडा लई होता, गाणं तेवढं जमत नव्हतं. एका सकाळी बन्सीनं कान टवकारले.

"आजी, परत मार गं!"

"कोणाला? कोठीला का तुला?"

त्याच ठेक्यावर त्या दोघा पोरांनी पहिलं गाणं बांधलं.

कॅसेट भरायला मला स्टुडिओत न्यायचं ठरलं. जड होते म्हणून त्या शहाण्यांनी ज्वारी पोत्यात काढून ठेवली. तिथं बन्सीनं थाप मारली. ढण, ढण, ढण! खाली मारली, तरी ढणच. भाड्याची वेळ सरत आली. श्रीधर रडकुंडीला आला, "कोठी बिघडली वाटतं!" म्हणे. ऐका!

माझ्या पोटातलं गाणं गेलं कुठं? मलाही कोडं पडलं.

बन्सी स्कूटरवर आजीला घेऊन आला. त्यांनी एकच थापटी मारली.

"येड्यांनो, उपाशी ठेवून गाऊन घेता व्हय? पोतं आणा!"

ज्वारी अर्ध्यापर्यंत भरली आणि गाणं एका दमात झालं. मग ते गंगापूरच्या जीपांत वाजलं, लग्नांत वाजलं. हा कुठला परदेशी ड्रम, म्हणून लोक विचारत येत. मी ऐटीत उभी!

पुढं चकचकीत ड्रम आले, घरात पिठाच्या पिशव्या आल्या. माझ्यात झाडू आणि फाटक्या चपला पडल्या. परवा केस पिकलेला बन्सी म्हणाला, "आजी, कोठी रंगवून हॉलमध्ये ठेवू. वर दिवा लावू."

"मढं आहे का ते, दिवा लावायला? ज्वारी आण!"

त्यानं आणली, ओतली. चतुराबाईंचा हात आता कापतो, पण थापटी तीच. ढण, ढण, धप.

तर मित्रांनो, जुन्या वस्तूला हार-दिवा नको, काम द्या. उद्या माझी धप जरा खालून येईल. म्हणजे समजा, आज घर जेवलं.