ढकल्याचा भोंगा

मी मालगाडीचं डिझेल इंजिन बोलतोय. दचकू नका, भोंगा वाजवणार नाही. खरं तर त्या भोंग्याबद्दलच बोलायचंय, कारण तो माझा नाही. दुसऱ्याचा आहे, आणि तो माझ्या डोक्यावर बसवल्यापासून मला मान वर करून चालवत नाही.

माझा जन्म दूरच्या मुलखातला. तिथे मी वर्षानुवर्षं धान्य ओढलं. रूळ नजर पोचेल तिथवर सरळ, चढ कशाशी खातात हे मला ठाऊकच नव्हतं. पुढे तिथे विजेच्या तारा आल्या आणि आम्हा डिझेलवाल्यांना एका ओसाड यार्डात नेऊन उभं केलं. गंज चढायला लागला. अशात काही परके लोक आले, त्यांनी माझी झाकणं उघडून आत टॉर्च मारला, आपसात माना डोलावल्या आणि माझी रवानगी थेट जहाजावर झाली. सेकंडहँड का होईना, पण कुणाला तरी मी हवा होतो. सारा प्रवास मी खुशीत केला.

इथल्या कारखान्यात मला नखशिखांत सोललं. इथले रूळ अरुंद, म्हणून चाकं आणि आस बदलले. इथले सिग्नल डावीकडे, म्हणून ड्रायव्हरची खुर्ची डावीकडे आली. आतल्या परक्या भाषेतल्या पाट्यांवर इथल्या भाषेतल्या पाट्या चिकटवल्या. त्यातली एक उलटी चिकटली, ती अजून तशीच आहे. माझा भोंगा ऐकून मेस्त्री म्हणाला, "हा हंबरतोय की रडतोय?" तो काढला आणि तात्पुरती एक पिपाणी बसवली.

मग मला वजनकाट्यावर चढवलं. इथले पूल जुने, त्यांना माझं वजन झेपेना. माझ्या पोटाखाली लोखंडाच्या जाड लाद्या होत्या. वजन राहावं आणि चाकांनी रूळ घट्ट धरावेत म्हणून मुद्दाम घातलेल्या. त्या काढून टाकल्या. सगळे म्हणाले, झालं काम. मलाही हलकं वाटलं, बरंच वाटलं. ताकद तेवढीच राहिली पण पकड गेली, हे मला चढावर गेल्यावर कळलं.

तो चढ म्हणजे इथल्या लोकांचं जुनं दुखणं. भरलेली मालगाडी पायथ्याशी थांबायची आणि तिच्या शेपटीला एक म्हातारं इंजिन लागायचं. त्याचं नावच ढकल्या. पुढचा ड्रायव्हर दोन लांब शिट्ट्या द्यायचा, म्हणजे, "तयार आहेस?" मागून दोन लांब शिट्ट्या यायच्या, म्हणजे, "तयार आहे." उत्तर आल्याशिवाय पुढच्याने चाक हलवायचं नाही, हा इथला रिवाज. मध्ये कुठे अडलं तर पुन्हा दोन शिट्ट्या, म्हणजे, "अजून जोर लाव." माझा ड्रायव्हर धाकटा आणि ढकल्याचा थोरला, दोघे सख्खे भाऊ. गाडी वर पोचली की वहिनीने दिलेल्या एकाच डब्यातून जेवायचे आणि भाजीत मीठ कमी की जास्त यावर भांडायचे.

मग माझी चाचणी ठरली. मी एकट्याने गाडी चढवली तर ढकल्या बंद, त्याचं शेड बंद, थोरल्याच्या हातातलं इंजिन गेलं.

"दादा, हे नाही चढलं तर बरंच होईल," धाकटा म्हणाला.

"असं अभद्र बोलू नकोस. इंजिन तुझ्या हातात दिलंय ना? मग नीट चालव."

खबरदारी म्हणून ढकल्याला मागे जोडलं होतं. थोरल्याला मात्र सक्त हुकूम होता: जोर लावायचा नाही, नुसतं मागून यायचं. माझ्या केबिनमध्ये मोठे साहेब उभे होते. निम्मा चढ मी छाती काढून गेलो. पण मोठ्या वळणावर माझी चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मी धूर ओकतोय, थरथरतोय, पण पुढे म्हणून सरकत नाही. आणि धाकट्याचा हात सवयीने पिपाणीच्या दोरीकडे गेला. दोन लांब शिट्ट्या.

मागून लगेच दोन शिट्ट्यांचं उत्तर आलं. पाठोपाठ पाठीवर धक्का आला, चांगला ओळखीचा असावा तसा, आणि मी वळण पार केलं.

"मागचा का ओरडतोय?" साहेबांनी विचारलं.

धाकटा पांढराफटक पडला. "शुभेच्छा देतोय, साहेब."

साहेबांना हे फार आवडलं. वर पोचल्यावर टाळ्या झाल्या, मला थोपटलं, माझ्याबरोबर फोटो काढले. ते फुकटचं कौतुक मी निमूटपणे घेतलं. मला जीभ नाही, ही सबब आहे, पण खरं सांगतो, क्षणभर मला ते कौतुक गोडही लागलं होतं.

धाकटा धावत मागे गेला. "दादा, तू ढकललंस?"

"तू मागितलंस, मी दिलं. हात आपसूक गेला रे."

"मग सांगून टाकू या."

"वेडा आहेस का? हुकूम मोडला म्हणून मी जाईन आणि थाप मारली म्हणून तू जाशील. दोन्ही घरं उघड्यावर आणायची आहेत? तोंड बंद ठेव."

शेड बंद झालं. ढकल्याला कडेच्या रुळावर ढकललं. त्याचा पितळी भोंगा चांगला होता, वाया कशाला घालवायचा, म्हणून तो काढून माझ्या डोक्यावर बसवला. थोरल्याला पायथ्याच्या फाटकावर गेटमन केलं. आता फाटक आलं की भोंगा वाजवणं मला भागच. मी वाजवतो आणि ढकल्याचा आवाज निघतो. थोरला हिरवा झेंडा धरून उभा असतो, पण माझ्याकडे बघत नाही. त्याचं अन्न मी हिरावलं, वर त्याच्याच इंजिनाच्या आवाजात त्याला हाक मारत जातो. एका डब्यातून जेवणारे भाऊ आता एकमेकांना फक्त झेंडा दाखवतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आणि वळणावर मी अडतोच. मग गाडी अर्धी तोडून दोन खेपांत वर न्यायची. वरून बोलणी धाकट्याला, याचा हात बिघडलाय म्हणून. तो ऐकून घेतो. परवा तर मालाच्या डब्यांच्या, वाघिणी म्हणतात त्या, आणखी वाढवल्या. वळणावर मी घसरलो आणि त्या मला मागे ओढायला लागल्या. ब्रेकने धरलं म्हणून निभावलं. खाली फाटक उघडं होतं, माणसं रूळ ओलांडत होती, आणि त्यांच्यामध्ये थोरला उभा होता.

आज सकाळी पायथ्याच्या स्टेशनात सिग्नल हिरवा झाला. धाकट्याने दोन लांब शिट्ट्या दिल्या आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

स्टेशनमास्तर धावत आले. "अरे, निघ की!"

"मागून उत्तर आलं की निघतो."

"मागे आहे कोण उत्तर द्यायला?"

"तेच तर म्हणतोय मी. साहेबांना फोन लावा. म्हणावं, चाचणीला हे एकटं चढलं नव्हतं. मी शिट्टी मारून जोर मागितला, मागून दादाने दिला. थाप मी मारली, दादाने नाही."

थोरला फाटक टाकून पळत आला. "गप्प बस रे! नोकरी जाईल तुझी!"

"जाऊ दे. परवा तू खाली उभा होतास, दादा."

 झेंडा गुंडाळून थोरला माझ्या पायरीवर बसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याने मला हात लावला.

आता साहेब निघालेत म्हणे. काय होईल ते होईल. मी पायथ्याशी उभा आहे, आणि समोर कडेच्या रुळावर, गवतात, ढकल्या दिसतोय. साहेब, माझ्या लाद्या परत घालू नका, पुलांना झेपणार नाही. या दोघांना काही करू नका. ढकल्याला माझ्या मागे लावा. पण त्याआधी माझ्या डोक्यावरचा हा भोंगा काढून त्याचा त्याला द्या. नाहीतर मी पुढून विचारीन, आणि त्याला उत्तर देता येणार नाही. मला ती पिपाणी पुरे.