रोज एक वीत
काका कारखान्यातून निवृत्त झाले आणि काकूंच्या विणकामाला सुपरवायझर मिळाला. जन्मभर माणसांकडून कामं करून घेतलेली, आता हाताखाली उरलं एकच माणूस. बायकोला न विचारता त्यांनी सगळ्या नातेवाइकांना थंडीच्या आत एकेक स्वेटर कबूल करून टाकला, आणि वर टार्गेट ठरवून दिलं: रोज एक वीत.

इतकी वर्षं काकू मनाला येईल तसं विणत. जमलं तर मफलर, नाही तर उसवून दुसरंच काहीतरी. दुपारचा तेवढा वेळ त्यांचा स्वतःचा होता. आता सुया हातात घेतल्या की नजर आधी घड्याळाकडे जायची, कारण संध्याकाळी काका टेप घेऊन हजर.

"अगं, आज चार बोटं कमी भरतंय."

"अहो, हे विणकाम आहे, तुमचा कारखाना नव्हे!"

"ध्येय असलं की हाताला शिस्त लागते."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मग दात-ओठ खात त्या बसायच्या आणि प्रत्येक टाका करकचून ओढायच्या. टाके मापाने घातलेले होते, पण हात घट्ट झाला की वीण आवळत जाते. काकांना त्याचा पत्ता नव्हता. ते मोजत होते फक्त लांबी.

पहिला स्वेटर धाकट्या दिराचा. त्याने हौसेने डोक्यातून घातला. डोकं कसंबसं शिरलं, हात मात्र वरच अडकले.

"वहिनी, सोडवा! जीव गुदमरतोय!"

दोघांनी ओढाताण करून त्याला बाहेर काढलं. तो केस सावरत निघून गेला, आणि काका कडाडले, "सगळी मेहनत पाण्यात! काम करताना लक्ष कुठे असतं तुझं?"

काकूंचे डोळे भरून आले. स्वेटर वाया गेल्याचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. तो विणताना एकदासुद्धा बरं वाटलं नाही, याचं रडू येत होतं. त्यांनी गाठ सोडली आणि भराभर सगळं उसवून लोकरीचा गुंडा केला.

काका जरा नरमले. "बरं, असू दे. आता कुणाचा घेतेस?"

"कुणाचाच नाही."

"मग काय विणणार?"

"विणणार."

"अगं, पण काय?"

"विणणार म्हटलं ना!" काकूंनी त्यांच्याकडे पाठ करून खुर्ची वळवली आणि टाके घालायला घेतले.