ताईचं जपानी

ताईने तिकीट हातभर लांब धरलं, मग नाकाजवळ आणलं. दोन्ही अंतरांवरून त्यावर तेच लिहिलेलं होतं : ‘मूळ जपानी. उपशीर्षके नाहीत.’

“खाली अक्षरं येणार नाहीत म्हणे,” ती म्हणाली.

“नाहीच येणार,” बारक्या म्हणाला. “काय करायचीत आपल्याला?”

बारक्या तिचा धाकटा भाऊ. वय बेचाळीस, वजन ब्याण्णव, पंपांच्या कारखान्यात व्यवस्थापक. हाताखाली तीनशे माणसं होती आणि त्यांतल्या एकालाही त्याचं हे नाव ठाऊक नव्हतं, म्हणून कारखाना नीट चालला होता.

चित्रपटगृहाच्या भिंतीवरच्या पोस्टरात पत्र्या उभा होता. म्हणजे खरा माणूसच, अंगावर चंदेरी चिलखत चढवलेला, हातात बंदूक. त्याचं जपानी नाव वर लाल अक्षरांत होतं, पण ह्या दोघांसाठी तो छत्तीस वर्षांपासून पत्र्याच होता.

“ह्याच्या पोटावर वळ्या बघ,” बारक्या म्हणाला. “सहा! आपल्या पत्र्याला कुठे होतं पोट?”

“झाकण होतं.”

“झाकणच होतं! कुणाला विचारायचं तरी. त्याची सख्खी माणसं इथे जिवंत आहेत.”

त्याची बायको तेवढ्यात आली आणि तिघं आत निघाली. ताई सगळ्यात मागे राहिली.

ती अकरा वर्षांची आणि बारक्या सहाचा असताना घरात विणकामाचं यंत्र आलं होतं. परदेशातून उतरलेला जुना माल विकणाऱ्या माणसाकडून बाबांनी ते घेतलं. लाकडी खोक्यात यंत्र हलू नये म्हणून कोपऱ्यांत चार आणि मधोमध एक अशी पाच जाडजूड पुस्तकं कोंबलेली होती. चित्रांची, जपानी. आईने ती इस्त्री फिरवून सरळ केली, कारण आई वाकडं काहीही आधी इस्त्रीने सरळ होतंय का बघायची. त्याच आठवड्यात बारक्या गच्चीच्या जिन्यावरून पडला आणि पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये घालून बसला. त्याला इस्त्रीचा उपयोग नव्हता. आई यंत्र शिकत होती, बाबा कामावर.

“वाचून दाखव गं त्याला काहीतरी,” आई म्हणाली.

घरात दुसरं पुस्तक एकच होतं, यंत्राच्या सुट्या भागांचं. ताईने ढिगात सगळ्यात वर होतं ते पाच नंबरचं घेतलं आणि आपण सगळी पुस्तकं उघडतो तसं उघडलं.

“तुला जपानी येतं?” बारक्याने विचारलं होतं.

“येतं.”

“कधी शिकलीस?”

“तुझ्या जन्माआधी.”

जन्माआधीच्या सगळ्याच बाबतींत त्याला तिच्यावर अवलंबून राहावं लागायचं. फक्त पानांचे आकडे त्याला खटकले.

“आधी दोनशे, मग एकशे नव्व्याण्णव. असं का?”

“जपानी लोक असंच मोजतात. रॉकेट उडवताना नाही का मोजत? शून्य आलं की काहीतरी होणार.”

मग चार महिने, रोज दुपारी, मशिनच्या तेलाच्या आणि जुन्या कागदाच्या वासात, यंत्राच्या खरखरीवर आवाज चढवून तिने पाच ते एक अशी पाचही पुस्तकं वाचून दाखवली. भंगाराच्या ढिगात एक डोकं पडलेलं होतं. एक टकला शास्त्रज्ञ यायचा आणि त्याला एकेक अवयव बसवायचा. आधी उजवा पाय, मग छाती, मग हात. गोळ्या अंगातून निघून बंदुकीत परत जायच्या. कोसळलेल्या इमारती धुरातून उठून उभ्या राहायच्या. त्या युद्धात कुणी जिंकत नव्हतं की हरत नव्हतं, नुसती आवराआवर चाललेली असायची. आणि सगळ्यात शेवटच्या पानावर पत्र्या, सगळे अवयव जागच्या जागी, एका घराच्या दारात उभा होता. दारात एक बाई. तिच्या तोंडाजवळच्या फुग्यात भलंमोठं वाक्य होतं. ताईने ते वाचलं, “आलास? पाय पुसून ये.”

दुसऱ्या दिवशी बारक्याचं प्लास्टर निघालं.

प्रकरण तिथेच मिटायचं. पण बारक्याने ते शाळेत नेलं, मग कॉलेजात, मग सासरी. “आमच्या ताईला जपानी येतं.” त्याच्या लग्नात मुलीकडचे एक मामा कॅमेऱ्याचं माहितीपत्रक घेऊन तिच्यासमोर उभे राहिले होते. ताईने ते दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि सांगितलं, “पाण्यापासून लांब ठेवा म्हणतायत.” मामा इतके खूश झाले की पुढच्या वर्षी घड्याळाचंही घेऊन आले. तेही पाण्यापासून लांब ठेवायचं होतं.

खरं सांगून टाकावं असं तिला कितीदा तरी वाटलं. पण आईचे हात थरथरायला लागले तेव्हा कॉलेज सोडून ताई यंत्रावर बसली, ती आजवर बसलीच होती. दोन शाळांचे निळे स्वेटर, दरवर्षी. बारक्याचं इंजिनियर होणं त्याच यंत्रातून टाक्या-टाक्याने बाहेर आलं होतं. ह्याची तिला खंत नव्हती. पण शिकली-सवरलेली म्हणून तिच्याकडे बघणारा जगात एकच माणूस होता, आणि तो जे बघत होता ते होतं जपानी.

दहा वर्षांपूर्वी एका पुस्तक प्रदर्शनात तिने तशीच चित्रांची पुस्तकं पाहिली, भाषांतर केलेली. एक उघडलं. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत होतं : ‘थांबा! तुम्ही शेवटून सुरुवात करत आहात. हे पुस्तक उजवीकडून वाचायचे असते.’ ताई थांबली. पुस्तक जागेवर ठेवून घरी आली आणि त्या दिवशी एका स्वेटरला तिच्याकडून तीन बाह्या विणल्या गेल्या.

आणि आता त्या पाच पुस्तकांचा चित्रपट निघाला होता. चित्रपट काही डावीकडून सुरू करता येत नाही.

सभागृहात तिघांशिवाय आठ-दहा माणसं होती. मध्ये बारक्या, पलीकडे त्याची बायको, अलीकडे ताई. दिवे गेले. पडद्यावर पहिल्यांदा दिसलं ते घर. त्याचं दार, दारात बाई, आणि समोर पत्र्या, सगळे अवयव जागच्या जागी. बाई बोलायला लागली.

बारक्या ताईकडे झुकला. “काय म्हणते?”

“म्हणते, आलास?”

पडद्यावर पत्र्याने पाठ फिरवली आणि तो ताडताड चालू लागला. बाईने दार लावलं.

“मग हा निघाला कुठे?”

“काहीतरी विसरलाय. आणायला चाललाय.”

“हां,” म्हणत बारक्याने मान पलीकडे वळवली आणि बायकोला सांगितलं, “विसरलाय काहीतरी.”

“पुरुषच तो,” बायको म्हणाली.

मग शास्त्रज्ञ आला. त्याला कपाळभर केस होते.

“टकल्याला केस?”

“टोप आहे. वेशांतर केलंय.”

इमारती कोसळू लागल्या. ताईने सांगितलं की त्या जुन्या झाल्या होत्या, पाडून नव्या बांधणार आहेत. पत्र्याच्या छातीत तीन गोळ्या घुसल्या. लस टोचतायत, ती म्हणाली, मोठ्या प्रवासाला निघालाय ना. बारक्याचं पोट हसून खुर्चीसकट हलायला लागलं. पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून पाहिलं. ताईच्या पाठीला घाम फुटला होता, पण जीभ थांबत नव्हती. छत्तीस वर्षांत यंत्राशिवाय कुणी तिचं इतकं ऐकून घेतलं नव्हतं.

एकदाच काहीतरी वेगळं झालं. पत्र्या एका सैनिकाला दोन शब्द बोलला आणि बारक्या फस्सकन हसला. ताईने अजून काहीच सांगितलं नव्हतं.

“तोंड कसलं केलंय बघ त्याने,” बारक्या घाईघाईने म्हणाला.

मध्यंतरात तो फोनवर बोलत बाहेर गेला. ताई आणि भावजय लाह्यांच्या रांगेत उभ्या राहिल्या.

“तुम्ही होतात म्हणून समजतंय तरी,” भावजय म्हणाली. “पलीकडच्या पडद्यावर खाली अक्षरं येणारा खेळ होता, ह्याच वेळेला. तिकीटवाला दोनदा म्हणाला ह्यांना. तर हे म्हणे, नको, आमच्याकडे माणूस आहे.”

“असं म्हणाला?”

“मग! आणि मी म्हणते, त्या माणसाची तरी काय गरज? दोन वर्षं रविवारची झोप मोडून स्वतः शिकलेत की कारखान्यातर्फे. ते जपानी इंजिनियर येतात ना, त्यांच्याशी फडाफडा बोलतात. मी म्हटलं होतं, बाहेर कशाला जाता, घरच्या घरी ताई शिकवतील. तर म्हणाले, ताईचं जपानी वेगळं आहे.”

ताईने लाह्यांचा पुडा हातात घेतला.

“बोली वगैरे असते का हो त्यांच्यात?” भावजयीने विचारलं.

“असते,” ताई म्हणाली.

तिच्या हातातल्या पुड्यातून चार लाह्या खाली सांडल्या. त्या वेचायला ती वाकली आणि चार लाह्यांना लागावा त्याहून पुष्कळ जास्त वेळ तिथेच वाकून राहिली. भावजयीने “राहू द्या हो,” म्हटल्यावर ती उठली.

चित्रपट पुन्हा सुरू झाला. आता पत्र्या एका लोखंडी टेबलावर आडवा होता आणि टोपवाला शास्त्रज्ञ त्याच्यावर वाकून हळू आवाजात बोलत होता. लांबलचक बोलणं होतं. बारक्या सवयीने ताईकडे झुकला.

“काय म्हणतोय?”

शास्त्रज्ञ बोलतच होता. त्याने खिशातून पाना काढला.

“ताई?”

“तू सांग,” ती म्हणाली.

“मी?”

“माझा घसा बसलाय.”

बारक्याने तिच्याकडे पाहिलं. मग वळून बायकोकडे पाहिलं. ती मन लावून लाह्या खात होती. मग तो पडद्याकडे तोंड करून खुर्चीत सरळ बसला. त्याच्या तोंडावर निळा उजेड हलत होता. शास्त्रज्ञाने पत्र्याच्या डाव्या खांद्याला पाना लावला. एक बोल्ट सुटून टेबलावर घरंगळला, मग दुसरा.

बारक्याने घसा खाकरला. समोर तीनशे कामगार असतानाही तो असा खाकरत नसावा.

“म्हणतोय,” तो अडखळत म्हणाला, “म्हणतोय... डावा हात आधी बसवू या. सांभाळून. दुखलं तर सांग.”

“अहो, काढतायत तो!” भावजय म्हणाली.

“तुला जपानी येतं का?”

“नाही.”

“मग गप्प बस.”

पडद्यावर हात सुटा झाला. शास्त्रज्ञाने तो दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला आणि उजव्या बाजूला गेला. ताईने चष्मा काढला, घडी घालून मांडीवर ठेवला आणि मान मागे टेकवली. आता समोर नुसता उजेड दिसत होता.

“पुढे?” ती म्हणाली.