रोहण्याच्या खळ्यातला वारा

पैज लागली ती चहाच्या गाळणीवरून.

सेलूच्या बाजारात भैयाजींचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान, त्याला खेटून सीताबाईची पिठाची गिरणी, आणि गिरणीच्या माडीवर भाड्यानं राहणारी ज्योत्स्ना. शाळेत इंग्रजी शिकवायची. आई सावंगीच्या दवाखान्यात नर्स, पोरगी तिथल्याच क्वार्टरमध्ये वाढलेली. पण तिचा खरा जीव बायबलच्या मूळ हिब्रू भाषेत. शाळा सुटली की निकेशच्या सायबर कॅफेत बसून ब्लॉग लिहायची. दोन हजार आठ साल होतं, सेलूत ब्लॉग म्हणजे काय हे चार लोकांना ठाऊक असेल नसेल. त्या दिवशी ती गाळणी घ्यायला आली, गाळणी निवडली, आणि ती काउंटरवरच ठेवून कॅफेकडे पळाली.

"हे पोरगी लिहिते कोणासाठी, सीताबाई?" भैयाजी म्हणाले. "बायबलवरच्या पंडितायचे भांडणं. वाचते कोण?"

"साऱ्या जगातले प्रोफेसर वाचतात म्हणे. दर एक तारखेले यादी काढतात, महिनाभरात कोणं चांगलं लिहिलं त्याची. यावेळी आमच्या ज्योत्स्नाचं नाव येते, पाहा तुमी."

"आलं तर दुकानातला सगळ्यात मोठा भाजीचा गंज उलटा डोक्यावर घालून बाजारात फिरीन. चमच्यानं बडवत. अन् तीनदा म्हणीन, सीताबाई शहानी अन् मी येडा."

"अन् नाई आलं तर?"

"तर गंज तुमच्या डोक्यावर."

सीताबाईनं पिठानं पांढरे झालेले हात झटकले. "चालते." एक तारीख नेमकी बाजाराची होती.

भैयाजी पैज हरले असं पेठेत कोणाला आठवत नव्हतं, कारण आधी निकाल हुंगून मगच ते पैज लावत. यावेळी घाई झाली होती. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी ते कॅफेत गेले. आधी ज्योत्स्नाच्या लेखाखाली निकेशकडून इंग्रजीत टाईप करून घेतलं, 'फार छान. भांड्यांसाठी भेटा, सेलू.' तासाभरात ज्योत्स्नानं ते काढून टाकलं. मग त्यांनी निकेशला विचारलं, "भांडण कायचं हाय ते तरी सांग."

निकेशनं वाचून दाखवलं. बायबलच्या जुन्या करारात एक प्रसंग आहे. एक शेतकरी रात्री खळ्यावर धान्य उफणतो आणि तिथंच राशीपाशी झोपतो. अमेरिकेतल्या एका प्रोफेसरनं आपल्या ब्लॉगवर लिहिलं होतं की रात्री कोणी धान्य उफणत नाही, मालक खळ्यात झोपत नाही, तेव्हा हा प्रसंग शेती न पाहिलेल्या कोणीतरी नंतर घुसडलेला आहे. ज्योत्स्नानं लिहिलं, घुसडलेला नाही. त्यावर प्रोफेसरनं तिला सगळ्यांदेखत विचारलं होतं, 'तुम्ही स्वतः खळं पाहिलंय, की हेही पुस्तकातूनच?' खाली अकरा विद्वानांनी हसून माना डोलावल्या होत्या. ज्योत्स्ना चार दिवस उत्तर शोधत होती.

भैयाजी खुर्चीवरून उठले. पुन्हा बसले. "रात्री उफणत नाई म्हणते?"

"असंच लिहिलं हाय."

"येडा हाय का हा मानूस?"

"काऊन, काका? तुमाले मालूम हाय?"

"मले काय मालूम," भैयाजी म्हणाले आणि बाहेर पडले.

मालूम नसायला काय झालं. त्यांचं बालपण रोहणा गावात गेलं, थ्रेशर यायच्या आधीचं. पण सांगावं तर पोरीला उत्तर मिळतं, उत्तर मिळालं तर नाव येतं, आणि नाव आलं तर गंज डोक्यावर. गप्प बसणं एवढंच काम होतं. तेच जमेना. गिऱ्हाईकानं परात मागितली, त्यांनी तवा दिला. दिवसातून चारदा कॅफेत डोकावून, "तो अमेरिकावाला काही बोलला का," म्हणून विचारू लागले. एकदा तर जेवता जेवता ताटावरून उठले आणि भिंतीकडे बघून म्हणाले, "मालक झोपत नाई म्हणे." बायकोनं विचारलं, "कोनाचा मालक?" ते परत बसले, पण भाकरी तशीच राहिली.

ज्योत्स्ना इकडं पुस्तकं मागवत होती. नागपूरहून दोन आली, मद्रासहून एक. खाली गिरणीत अर्ध्या तालुक्याचं धान्य येत होतं, पण विद्वानांना पुस्तकच लागतं अशी तिची पक्की समजूत. बाजाराला तीन दिवस उरले तेव्हा ती गाळणी न्यायला आली.

"काका, सीतामावशीनं पैजेचं सांगितलं. तुम्ही जिंकले. आज तो लेख काढून टाकते. ब्लॉगच बंद करते."

"काऊन व?"

"त्यांचं बरोबर आहे. मी खळं पाहिलेलं नाही. उगाच तोंड घातलं."

भैयाजींना जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी त्यांनी गाळणी कागदात बांधली, सोडली, परत बांधली.

"त्या मास्तरनंच पाह्यलं नाई," ते म्हणाले. "दुपारचा वारा दारू पिल्यावानी चालते. इकडून आला, तिकडून आला. भुसा उडते अन् परत राशीवरच पडते. दिवस बुडाला की एका अंगानं वारा लागते. माहा बाप त्याच वाऱ्याची वाट पाहत तिवईवर उभा राहे. म्या टोपले भरून देल्ले हायेत त्याले, रात्री."

ज्योत्स्ना काउंटरवर वाकली. "आणि मालक?"

"रास मोजल्याबिगर घरधनी खळं सोडत नाई. चप्पल बाहेर काढून, राशीले पाठ लावून झोपते. गडी असला तरी सोता झोपते. आमच्या रोहण्यात तर समद्यायचे बाप झोपत."

"काका, हे तुम्ही आधी काऊन नाही सांगितलं?"

"तुह्या मावशीले विचार," भैयाजी म्हणाले आणि शटर अर्धं ओढून कॅफेकडे निघाले.

ते सांगत गेले, ती इंग्रजीत टाईप करत गेली. वारा कोणत्या अंगानं येतो हे दाखवायला भैयाजी कॅफेतल्या स्टुलावर चढले. निकेशनं पंखा बंद केला. दव कधी पडतं, तेव्हा रास कशानं झाकतात, तिवईला पाय किती, सगळं लेखात गेलं. खाली ज्योत्स्नानं नाव आणि गाव घातलं. भैयाजी, रोहणा, तालुका आर्वी.

दोन दिवस काहीच नाही. भैयाजी माशी मारायची जाळी विकता विकता दहादा रस्ता ओलांडून कॅफेत जाऊन आले. आपण कोणत्या बाजूनं आहोत हे त्यांचं त्यांनाच उमगेना. एक तारखेला सकाळी निकेश कॅफेच्या दारातून ओरडला. यादी निघाली होती. तिसऱ्या नंबरवर ज्योत्स्नाचं नाव. प्रोफेसरनं स्वतः लिहिलं होतं, 'माझं चुकलं. या गृहस्थांना माझा नमस्कार.'

ज्योत्स्ना गिरणीसमोरच खाली बसली, ओंजळीत तोंड धरून. सीताबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं शेजारच्या दुकानाकडे बोट दाखवलं.

"भैयाजी, गंज काढा."

ऐन बाजारात भैयाजी निघाले. पन्नास माणसांच्या भाजीचा गंज, डोळ्यांपर्यंत उतरलेला. चमचा हाणत पहिल्यांदा भाजीवाल्यांपुढे म्हणाले, "सीताबाई शहानी अन् मी येडा." दुसऱ्यांदा कापडवाल्यांपुढे. तेवढ्यात ज्योत्स्ना कागद घेऊन गर्दीतून आली.

"काका, कॅनडातल्या एका बाईनं हरकत घेतली. म्हणते, रोहण्याचा वारा अन् तिकडचा वारा एक कशावरून?"

भैयाजी थांबले. गंज कपाळावर सरकवला. "तिले लिही, तुमच्या तिकडं सांजच्याले वारा कोन्या अंगानं..."

"आधी तिसरं म्हणा," सीताबाई म्हणाली. "जगाचं मग पाहू."

"सीताबाई शहानी," भैयाजींनी चमचा हाणला, "लिहून घे पोरी, अंगानं लागते ते इचार, अन् मी येडा," पुन्हा हाणला, "अन् डोंगर कितीक दूर हाय तेही इचार."

"चवथ्यांदा म्हणा," सीताबाई म्हणाली. "मधात दुसरंच बोलले."

भैयाजींनी गंज परत डोळ्यांवर ओढला आणि चमचा उचलला.